मंगळवारी बारापर्यंत

सेंकाचं पत्र येऊन अकरा आठवडे झाले होते आणि तिहोमिरकाकांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र लांबून आलं असतं तर दोष टपालखात्यावर ढकलता आला असता. पण सेंका ही त्यांची मुलगी, आणि राहायची त्याच घरात, भिंतीपलीकडच्या खोलीत. वर्शात्स गावाच्या टपालकचेरीत जाऊन, तिकीट लावून, तिने ते पत्र पाठवलं होतं. दोन दिवसांनी पोस्टमनने ते इमारतीच्या तळाशी त्यांच्या पेटीत टाकलं, काकांनी चार मजले चढून वर आणलं आणि स्वयंपाकघरात तिच्यासमोरच बसून वाचलं. ती तेव्हा कांदा चिरत होती. वर न बघता.

"बाबा," तिने लिहिलं होतं, "तोंडाने विचारलं की तुम्ही चष्मा पुसायला घेता, म्हणून लिहिते आहे. सप्टेंबरपासून रेल्या बालवाडीत जातो आणि सप्टेंबरपासून त्याचं नाक वाहतं आहे. दर वेळी सगळे माझ्याकडे बघतात. परवा जेवताना तुम्हीसुद्धा म्हणालात, टोपी घातली असती तर. मी वाईट आई आहे का? हो किंवा नाही, एवढंच कळवा. मी फार दमले आहे. तुमची, सेंका."

काकांनी पत्र घडी करून ठेवलं आणि चष्मा पुसला.

त्यांना उत्तर द्यायचं नव्हतं असं नाही. त्यांनी सतरा मसुदे केले. चाळीस वर्षं नगरवाचनालयात पुस्तकांची सूची लिहिलेला माणूस. तळटीप दिल्याशिवाय त्याच्याच्याने वाक्य सोडवत नसे. सतराही मसुद्यांची सुरुवात "नाही" अशी होती, आणि सतराही मसुद्यांत तिसऱ्या ओळीला "परंतु" येऊन बसत होता. "नाही, परंतु टोपीच्या बाबतीत." "मुळीच नाही, परंतु तुझी आई असती तर." एकदा तर सगळं पत्र निर्विघ्न पार पडलं आणि ताज्या कलमात परंतु आला. शिवाय असा निवाडा करणारे आपण कोण, हा प्रश्न होताच. सेंका चार वर्षांची असताना तिच्या बुटाचं माप काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते बायकोला ठाऊक असायचं, आणि बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. जावई ऑस्ट्रियात ट्रक चालवायचा. तीन आठवड्यांनी एकदा घरी यायचा, दोन दिवस झोपायचा आणि परत जायचा.

तर मार्च उजाडला. सोमवारी संध्याकाळी सेंका दुकानातल्या गल्ल्यावरून घरी आली आणि रेल्याच्या बुटाची नाडी सोडता सोडता झोपली. बसल्या जागी, नाडीचं टोक बोटांत धरून. रेल्या जराही हलला नाही.

"आजोबा," तो हळूच म्हणाला, "आई संपली."

त्याची एक बॅटरीवर चालणारी रेल्वे होती, ती बंद पडली की तो हाच शब्द वापरायचा.  पण काका उठले, खाकरले आणि आयुष्यात प्रथमच एक घोषणा करून बसले.

"सेंका, उद्या मंगळवार. तुझी सुट्टी आहे. रेल्याला मी नेतो. तू बाराच्या आत उठायचं नाहीस."

सेंकाने डोळे उघडले. "बाबा, तुम्ही? बालवाडी कुठे आहे माहीत आहे?"

"वाचनालयाच्या मागे."

"ती सात वर्षांपूर्वी हलली."

"शोधून काढीन. तुझा फोन माझ्याकडे दे. वाजला तर मी बघतो."

तिने फोन दिला. दागिना गहाण ठेवताना माणूस देतो, तसा दिला.

मंगळवारी सकाळी काकांनी रेल्याला कपडे घातले, म्हणजे सांगायला एक ओळ. करायला पाऊण तास. गंजी पँटच्या आत खोचायची की बाहेर, यावर वाद झाला. सपाता कुठल्या पिशवीत, यावर शोध झाला. शेवटी सावधगिरी म्हणून त्यांनी रेल्याच्या डोक्यावर एकीवर एक अशा दोन टोप्या चढवल्या आणि दाराचं कुलूप दोन्ही हातांनी धरून, चोरासारखं, आवाज न करता लावलं.

पहिल्या मजल्यावर रोसांदाबाई जिन्याची खिडकी लावत होत्या. जिन्याची खिडकी लावणं हे त्यांचं व्रत होतं. प्रोमाया, म्हणजे समोरासमोरच्या दोन खिडक्यांतून आरपार जाणारा वारा, याने जितकी माणसं मारली तितकी दोन महायुद्धांनीही मारली नसतील, असं त्यांचं मत होतं, आणि आमच्या इमारतीत या मताला विरोधी पक्ष नव्हता. मूत्रपिंड, मान, कान, दात, बायकांचे सगळे अवयव आणि पुरुषांचा स्वभाव, यांतलं जे काही बिघडेल ते प्रोमायाने. त्यातून मार्चमध्ये कोशावा सुटतो. तीन दिवस, सात दिवस, लहर लागली तर एकवीस दिवस हा वारा वाहतो आणि रस्त्यातल्या कुत्र्यांना तिरकं चालायला लावतो.

"अहो शेजारी, पोराला तुम्ही नेताय? सेंका कुठे आहे?"

"आहे," काका म्हणाले.

"आहे म्हणजे?"

"घरात आहे."

रोसांदाबाईंनी वर जिन्याकडे पाहिलं, मग रेल्याच्या दोन टोप्यांकडे पाहिलं, आणि घरात काहीतरी भयंकर घडलं असल्याची मनात नोंद केली.

बालवाडीच्या दारात नर्स उभी होती. रोज सकाळी प्रत्येक मुलाचा घसा बघून मगच ती आत सोडायची. रेल्याने घसा दाखवला. घसा निर्दोष होता. नर्सने मान हलवली, रेल्याने आत पाऊल टाकलं, आणि टोप्यांची लोकर नाकात गेल्यामुळे शिंकला.

"थांबा," नर्स म्हणाली. "डॉक्टरांचा दाखला लागेल."

"एका शिंकेला?"

"काका, शिंका मी मोजत नाही. दाखला आणा, की मूल निरोगी आहे. नाहीतर आईला फोन लावा, तिला नियम माहीत आहेत."

"आईला फोन लावता येणार नाही."

"का?"

काकांना खोटं बोलता येत नसे. तत्त्वाचा प्रश्न नव्हता, सरावच नव्हता. "ती झोपली आहे," ते म्हणाले.

मुलं सोडायला आलेल्या तीन आया एकदम वळून बघू लागल्या.

"आजारी आहे?" नर्सने आवाज खाली आणून विचारलं.

"नाही. झोपली आहे."

"सकाळी आठ वाजता? मंगळवारी?"

"हो," काका म्हणाले आणि आपले कान तापल्याचं त्यांना जाणवलं. नेहमी असं झालं की ते माफी मागत. आज, का कोण जाणे, मागितली नाही. रेल्याचा हात धरून ते वळले. पाठीमागून नर्स फोनचे आकडे दाबत असल्याचा आवाज आला. ही नर्स रोसांदाबाईंच्या भाचीची नणंद आहे, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. या गावात कोणीतरी कोणाच्या तरी भाचीची नणंद असतेच, पण हे वाचनालयाच्या सूचीत येत नाही.

बालरुग्णांच्या दवाखान्यात दोन दारं होती. एका दारावर "निरोगी मुलं", दुसऱ्या दारावर "आजारी मुलं". काकांना ही व्यवस्था पाहून फार बरं वाटलं. वर्गीकरणावर त्यांचं प्रेम होतं. निरोगी असल्याचा दाखला हवा, म्हणजे निरोगी दार, असा विचार करून ते आत गेले.

"तक्रार काय आहे?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"शिंकला."

"मग पलीकडे. इथे लस घ्यायला आलेली चांगली मुलं बसली आहेत."

पलीकडच्या खिडकीत बाईंनी रेल्याचा ताप पाहिला, घसा पाहिला आणि म्हणाल्या, "याला काहीच झालेलं नाही. निरोगी मुलांचा दाखला निरोगी बाजूला मिळतो."

"त्यांनी इकडे पाठवलं."

"शिंकला म्हणून पाठवलं असेल. आता शिंकतोय का?"

"आत्ता नाही."

"मग पलीकडे."

पलीकडच्या बाई म्हणाल्या, "हा आत्ता आजारी बाजूला बसून आला ना? मग आता मी याला आत घेऊ शकत नाही."

यानंतर जवळजवळ एक तास तिहोमिरकाका आणि रेल्या कोणत्याच वर्गात मोडत नव्हते. मधल्या बोळात एक बाक होता, त्यावर ते बसले. त्याच बाकावर नातवंडांना घेऊन आलेल्या दोन आज्या होत्या. त्यांना नावं विचारायची काकांची हिंमत झाली नाही, पण त्यांनी मात्र रेल्याच्या नाकाची सगळी वंशावळ विचारून घेतली.

"रात्री मोजे फळांच्या दारूत, राकियात, भिजवून घालायचे," पहिली म्हणाली.

"छातीला बदकाची चरबी," दुसरी म्हणाली. "पण घरच्या बदकाची."

"राकियासुद्धा घरची. दुकानातली घातलीत तर उलट ताप येतो."

"आई काय करते याची?"

"झोपली आहे," काका म्हणाले. आता त्यांना हे वाक्य म्हणायला जमायला लागलं होतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या पाहण्यात, काकांना वाटलं, सेंका गेले सहा महिने उभी असावी. दर पंधरा दिवसांनी याच बाकावर, अशाच दोघींच्या मधोमध, राकिया आणि बदक ऐकत. आणि मग घरी येऊन बापाकडून टोपी ऐकत.

खिशात सेंकाचा फोन वाजला. रोसांदाबाई. काकांनी तो बंद केला. पुन्हा वाजला. पुन्हा बंद केला. तिसऱ्यांदा रेल्यानेच बटण दाबलं.

शेवटी डॉक्टरीणबाईच कॉफी घ्यायला बोळात आल्या. पन्नाशीच्या, जाडजूड, खिशात तीन पेनं. त्यांनी बाकावरच रेल्याचे कान बघितले, पाठीला नळी लावली आणि एक टोपी काढून काकांच्या हातात दिली.

"ठणठणीत आहे. चार वर्षांचं मूल, बालवाडीचं पहिलं वर्ष. वर्षात आठदहा सर्द्या होणारच. टोपीने त्या थांबत नाहीत. सर्दी विषाणूने होते, आणि विषाणूला टोपी दिसत नाही."

"एकही?" काकांनी विचारलं.

"काय एकही?"

"म्हणजे, आठदहांपैकी एकही टोपीमुळे थांबली नसती?"

"आजोबा, एकही नाही. याची आई कशी आहे? मागच्या वेळी आली होती तेव्हा बाकावर डुलक्या घेत होती."

"झोपली आहे," काका म्हणाले.

"उत्तम! उठवू नका," असं म्हणून डॉक्टरीणबाई कॉफीकडे गेल्या.

दाखला लिहून मिळाला. पण शिक्का खिडकीत होता, आणि शिक्क्याला पालकाची सही लागत होती, आणि पालकांच्या रकान्यात आजोबा हा प्रकार नव्हता.

"आईला बोलवून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

काकांनी घड्याळात पाहिलं. साडेदहा. त्यांनी तो बिनशिक्क्याचा दाखला उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. चाळीस वर्षांत त्यांनी कुठल्याही खिडकीसमोर हे केलं नव्हतं.

"बोलावणार नाही," ते म्हणाले. "मूल निरोगी आहे. शिक्का तुमच्याकडेच राहू द्या."

बाहेर कोशावाने काकांच्या हातातली ती टोपी उडवली. रेल्या तिच्यामागे धावला आणि आयुष्यात इतका कधी हसला नसेल इतका हसला.

घरी पोचेपर्यंत पावणेअकरा झाले. जिन्यात सुपाचा वास येत होता. एका सुपाचा नव्हे. दुसऱ्या मजल्यावर कोंबडीचा, तिसऱ्यावर गाईच्या हाडांचा आणि चौथ्यावर दोन्ही. चौथ्या मजल्यावर, त्यांच्या दारासमोर, पाच बायका पातेली घेऊन उभ्या होत्या. एकीच्या हातात पातेल्याऐवजी, आजाऱ्याला भेटायला नेतात तशी, संत्री होती आणि कॉफीचा पुडा होता, म्हणजे प्रकरण गंभीर. सर्वांत पुढे रोसांदाबाई, आणि त्यांचं बोट घंटेपासून चार इंचांवर.

"घंटा वाजवू नका!" काका ओरडले. कुजबुजत ओरडले, पण तेही त्यांच्याकडून कोणी ऐकलं नव्हतं.

"शेजारी! कधीपासून आहे हे? आम्हाला सांगायचं नाही?" रोसांदाबाईंचे डोळे खरोखरच ओले होते. "शुद्धीवर आहे का?"

"कोण?"

"सेंका! बालवाडीतून कळलं, उठत नाहीये म्हणून."

"ती झोपली आहे."

"म्हणजे बेशुद्ध?"

"म्हणजे झोपली आहे, शेजारीणबाई. गादीवर. उशीवर डोकं ठेवून."

बायकांमध्ये एक लाट गेली. काळजी होती ती ओसरली, आणि मागे जे राहिलं ते पाहून काकांना वाटलं, बेशुद्ध म्हणालो असतो तर बरं झालं असतं.

"अकरा वाजता?" संत्रीवाली म्हणाली.

"पोर शिंकतंय आणि आई झोपलीय?" दुसरी म्हणाली.

"मी तिला सांगितलं होतं," रोसांदाबाई म्हणाल्या, "पोराचे केस ओले ठेवू नकोस, अनवाणी फिरू देऊ नकोस. ऐकेल तर शपथ! आजकालच्या मुलींना जरा काही झालं की थकवा येतो. मी तीन पोरं वाढवली, गिरणीत कामाला जाऊन. मी कधी झोपले का?"

 एरवी अशा वेळी तिहोमिरकाका "तुमचंही बरोबर आहे" असं म्हणून चष्मा पुसत. हात चष्म्याकडे गेलाही. पण एका हातात रेल्याचा हात होता आणि दुसऱ्यात काढलेली टोपी, त्यामुळे चष्मा नाकावरच राहिला आणि समोरचं सगळं स्वच्छ दिसत राहिलं.

"झोपायला हवं होतं तुम्ही," ते म्हणाले. "तेव्हा कोणी तुमच्या दाराशी उभं राहायला हवं होतं, रोसांदाबाई. आम्ही कोणी राहिलो नाही. ते चुकलं. पण आज हे दार बारापर्यंत उघडणार नाही."

 क्षणभर रोसांदाबाई घंटेकडे बघतच नव्हत्या, कुठेतरी लांब बघत होत्या. पण मागे चार बायका होत्या, पातेली गरम होती, आणि कुठल्याही सेनापतीला एवढ्यावर परत फिरता येत नाही.

"मी नुसतं डोकावते," त्या म्हणाल्या. "सूप ठेवते आणि डोकावते."

त्यांचं बोट पुन्हा घंटेकडे निघालं. काकांना वादात कधी जिंकता आलं नव्हतं आणि आजही येणार नव्हतं, हे त्यांना कळून चुकलं. मग त्यांनी जे केलं त्याची इमारतीत अजून चर्चा आहे. त्यांनी किल्लीने दार हळूच उघडलं, रेल्याला आत घेतलं, बोळातल्या कपाटातून सेवानिवृत्तीच्या वेळी भेट मिळालेल्या शब्दकोशाचा जाडा खंड काढला आणि सेंकाच्या बंद दाराला लागून पायाने घट्ट सरकवला, म्हणजे दार आपटायला नको. मग स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली. मग परत बाहेर येऊन, सर्वांच्या देखत, जिन्याची खिडकी उघडली.

कोशावा आत आला. तो जणू सात दिवस बाहेर याच आमंत्रणासाठी थांबला होता. पडदे आडवे झाले, पातेल्यांची झाकणं वाजली, कॉफीच्या पुड्यावरची फीत उडाली.

"प्रोमाया!" संत्रीवाली किंचाळली आणि संत्री तिथेच टाकून, दोन्ही हातांनी कंबर धरून खाली पळाली. तिच्या मागून पातेलं दाराशीच सोडून, मानेवर हात ठेवून दुसरी, तशीच कानांवर हात ठेवून तिसरी. चौथीने पातेलं जमिनीवर ठेवून मगच कंबर धरली, कारण हात दोनच होते.

रोसांदाबाई पातेलं ठेवून सर्वांत शेवटी हलल्या. "पोराला मारणार तुम्ही!" त्या कठड्यावरून ओरडल्या.

"आजोबा, अजून एक खिडकी आहे," रेल्या म्हणाला.

काकांनी तीही उघडली.

मग त्यांनी पातेली आणि संत्री बोळात घेतली, खुर्ची आणून दारात मांडली, रेल्याला कोटात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि त्या वाऱ्यात बसून राहिले. खालून अधूनमधून कोणीतरी डोकावायचं, वाऱ्याची झुळूक लागली की परत जायचं. दोघांनी पातेल्याच्या झाकणातून कोंबडीचं सूप प्यायलं. ते उत्तम झालं होतं. रोसांदाबाईंच्या हाताला चव आहे, हे कबूल करायला हवं. बारा वाजले. साडेबारा वाजले. काकांनी खिडक्या लावल्या, पण खुर्ची सोडली नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी सेंकाचं दार शब्दकोशाला अडलं, खरखरलं आणि उघडलं. तिच्या गालावर उशीच्या शिवणीचा ठसा होता. तिने बोळातली चार पातेली पाहिली, संत्री पाहिली, दारात कोट घालून बसलेला बाप पाहिला.

"कोणी आलं होतं का?"

"नाही," काका म्हणाले.

सेंका भिंतीला टेकली आणि हसायला लागली. हसता हसता खाली बसली आणि मग तिचं हसणं थोडं ओलं झालं. रेल्याने तिला संत्र्याची एक फोड दिली. काका खुर्चीवरून उठले आणि आपल्या खोलीत गेले.

मेजाच्या खणात सतरा मसुदे होते. त्यांनी ते काढले नाहीत. कोरा कागद घेतला आणि एकदाही न थांबता लिहिलं:

"प्रिय सेंका, नाही. टोपीबद्दल मी जे बोललो ते चुकीचं होतं, आणि इतके आठवडे गप्प बसलो तेही. तू चांगली आई आहेस. यापुढे प्रत्येक मंगळवार तुझा, बारापर्यंत किंवा हवा तितका. बाबा."

कुठे "परंतु" आला आहे का, हे त्यांनी दोनदा तपासलं. नव्हता.

टपालकचेरीत खिडकीतल्या मुलीने पाकीट उलटून पाहिलं.

"काका, पाठवणारा आणि घेणारा एकाच पत्त्यावर?"

"हो."

"घर तेच?"

"मजलासुद्धा तोच."

"मग हातात का नाही देत? उगाच तिकीट."

काकांना शिंक आली. मोठी, खणखणीत, सगळी रांग वळून बघेल अशी.

"बघा, वाऱ्यात फिरलात," मुलगी म्हणाली.

"विषाणू," काका म्हणाले. "आणि तिकीट नोंदणीचं लावा. पोचपावतीसह."

मुलीने खांदे उडवले, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या टोपलीत टाकलं. तिहोमिरकाका ते टोपलीच्या तळाशी पोचेपर्यंत बघत उभे राहिले, मग रुमालाने नाक पुसलं आणि रांगेतून बाजूला झाले.